गुडघे म्हणजे मुदतठेव नव्हे

परवा धरमपेठेत ज्येष्ठांच्या एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले, ‘गुडघे ही बँकेतली ठेव, जपून खर्चा. साठीनंतर जिना नको, बाजार नको. पाणीसुद्धा मुलांनी हातात द्यावं.’ टाळ्या कडाडल्या. टाळ्यांना गुडघे लागत नाहीत.

आधी ही ठेव पाहू. ठेव न वापरता वाढते, स्नायू न वापरता आटतो. इथे व्याज सोडाच, बसल्या जागी मुद्दल जाते. अमेरिकेत २००७ साली धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले. पायांतला जवळजवळ एक किलो ऐवज गेला, तोही चरबी सोडून! उलट १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या मंडळींनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली आणि मांड्यांची ताकद दुपटीहून वर गेली. वक्त्यांच्या हिशेबाने त्यांचे दिवाळे निघायला हवे होते.

बोस्टन लांब वाटत असेल, तर आमच्या घरी या. मागच्या मे महिन्यात हिला ताप आला. चार दिवसांत उतरला. पण सुनेने मायेने पंधरा दिवस सगळे कूलरसमोर खाटेवरच दिले. सोळाव्या दिवशी उठताना हिने आधी कूलरचे स्टँड धरले, मग माझा खांदा. म्हणाली, ‘काहून जी, हे पाय कोणाचे लावले मले?’

पडण्याची भीती? मग जिन्याला कठडा लावा, जिना कशाला बंद करता? आणि म्हाताऱ्यांना घरात डांबायला भाषण कशाला हवे? सिमेंटचे रस्ते आहेत की! रस्ता वर गेला, फाटक खाली राहिले. मधली फूटभर उंची आम्ही चढायची.

मग करायचे काय? फार नाही. दुखता गुडघा डॉक्टरांना दाखवा. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. पंचाहत्तरीनंतर २०२२ पासून एसटी फुकट आहे; तिची पहिली पायरी चढणारी मांडी मात्र ज्याची त्यानेच कमवायची.

आज सकाळी ही पिशवी घेऊन गोकुळपेठ बाजाराकडे निघाली. ‘कुठे?’ विचारले.

‘ठेव मोडाले!’