एनएमएमएस : ‘नको’ कोण म्हणतंय?

एका परीक्षेने मुलाची कुवत ठरते का, हा प्रश्न रास्त आहे. शिकवणी लावणारे घर आणि रोजंदारीवर चालणारे घर एका प्रश्नपत्रिकेने समान होत नाही. तरीही आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला आपली मुले बसत नाहीत, तेव्हा आम्हाला आधी वेगळाच प्रश्न पडतो : हा निर्णय घेतला कोणी?

निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न आणि सातवीत 55 टक्के गुण हव्यात. अनुसूचित जातींना 50 टक्के पुरतात. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले यात बसतात.

“पोरगी नापास झाली तर?” ही पालकांची भीती आम्ही ऐकतो. पण इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आठवीच्या निकालावरही परिणाम होत नाही. मात्र अर्ज शाळेमार्फत जातो. शाळेने निवडक ‘हुशार’ नावेच पाठवली, तर बाकीच्या आईबापांना कुणी विचारलेलेच नसते.

परीक्षापद्धतीवर टीका करूच. त्यासोबत कार्यकर्त्यांनी विहारात पालकसभा घ्यावी, उत्पन्न व जातीचे दाखले वेळेत काढून द्यावेत, शाळेत जाऊन यादी पाहावी. सगळे समजल्यावरही पालक ‘नको’ म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय. त्याचा मान राखू.