गाडी घ्यावी ती कोणाच्या सोयीनें?

गृहस्थाच्या घरीं मोटार यावयाची म्हटली कीं, प्रथम वाद निघतो तो रंगाचा, मग किंमतीचा, आणि शेवटीं एका लिटर पेट्रोलांत ती किती किलोमीटर जाते याचा. आमच्या घरीं गेल्या महिन्यांत हाच क्रम चालला होता. जुन्या गाडीला चौदा वर्षें झालीं. तिला निरोप देण्याची वेळ आली. चिरंजीवांनीं हायब्रीड म्हणजे संकरित गाड्यांचा अभ्यास करून दोन रकान्यांचा एक तक्ता माझ्यापुढें ठेवला. जन्मभर तक्ते तपासण्यांत गेलेला मी. चष्मा सरसावून बसलों. त्या तक्त्यांत काय होतें आणि काय राहून गेलें होतें, तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें. कारण आज पुष्कळ कुटुंबांत हाच प्रश्न उभा आहे.

प्रथम संकरित गाडी म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्तींवर जी चालते ती संकरित. कल्पना नवी नाहीं. फर्डिनांड पोर्श यांनीं १९०० सालच्या सुमारास अशी गाडी घडविली होती. परंतु सामान्य गृहस्थाच्या दारापर्यंत ती आणली टोयोटाच्या प्रियसनें. ती जपानांत १९९७ च्या डिसेंबरांत विक्रीस आली. आपल्याकडे बेताच्या आकाराच्या व स्वदेशीं जुळविलेल्या अशा गाड्या २०२२ सालीं आल्या: मे महिन्यांत होंडाची सिटी ई-एचईव्ही, व पुढें सप्टेंबरांत मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर. या शेवटच्या दोघी जुळ्या बहिणी; अंगरखे निराळे, कुडी एकच.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘हायब्रीड’ या एकाच नांवानें दोन निराळ्या वस्तु विकल्या जातात. समासप्रकरण ज्यांना आठवत असेल त्यांना हा भेद लगेच कळेल. तत्पुरुषांत एक पद प्रधान व दुसरें गौण. द्वंद्वांत दोन्हीं पदें प्रधान. ‘सौम्य’ हायब्रीडमध्यें विजेची मोटर इंजिनाला नुसता हात लावते. एकटीच्या बळावर गाडी ओढणें तिला साधत नाहीं. हा झाला तत्पुरुष. ‘पूर्ण’ किंवा ‘स्ट्राँग’ हायब्रीडमध्यें प्रसंगीं इंजिन स्वस्थ बसतें आणि विजेची मोटर सर्व भार वाहते. हा द्वंद्व. ग्रँड विटारा व हायरायडर या दोन्हीं प्रकारांत आल्या. म्हणून दुकानांत पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं “इंजिन बंद असतां ही गाडी नुसत्या विजेवर चालते काय?” पुढील विवेचन केवळ द्वंद्वाविषयीं आहे.

यांतील बॅटरी भिंतीवरील प्लगाला जोडावी लागत नाहीं. ब्रेक लावतांना जी गति एरवीं उष्णता होऊन वायां जाते, तिचीच वीज होऊन बॅटरींत सांठते. उरलेली भर इंजिन घालतें. बॅटरी असते मात्र लहान. आपल्या वीजबिलाच्या भाषेंत सुमारें पाऊण युनिट. तेवढ्यावर गाडी दोनचार किलोमीटरांहून दूर जावयाची नाहीं. परंतु तिचें काम लांब पल्ल्याचें नव्हेच. सिग्नलपासून सिग्नलपर्यंतची रांगती वाट, जेथें पेट्रोलचें इंजिन सर्वांत उधळें असतें, तेवढी सांभाळणें हा तिचा धर्म.

दोन्हीं घराण्यांची रीत निराळी आहे. टोयोटाच्या रीतींत दंतचक्रांची एक जुळणी असते. मध्यें सूर्यचक्र, भोंवतीं ग्रहचक्रें. इंजिन व विजेच्या दोन मोटरी यांची शक्ति ती वांटून देते. होंडाच्या रीतींत शहरामध्यें बहुधा विजेची मोटरच चाकें फिरविते व इंजिन तिच्यासाठीं वीज उत्पन्न करतें. हमरस्त्यावर गाडी वेगांत आली म्हणजे आंतला क्लच जुळतो आणि इंजिन सरळ चाकांना लागतें. दोहोंतही चालविणाराच्या पायाखालीं क्लच नाहीं व गिअर बदलण्याचे धक्के नाहींत.

आतां चालविण्यांतील गोडीविषयीं. चिरंजीवांचें मत सिटीच्या बाजूचें होतें आणि त्यास कारणेंही होतीं. गाडी बुटकी, रस्त्याला धरून चालणारी. वळणावर अंग टाकीत नाहीं. इंजिन चार सिलिंडरांचें, म्हणून आवाज गोळीबंद. ग्रँड विटारा उंच. जमिनीपासून तिचें अंतर २१० मिलिमीटर. खड्डे व गतिरोधक यांची तिला भीति नाहीं, पण वळणावर ती किंचित् झुकते. इंजिन तीन सिलिंडरांचें. हायरायडर आमच्या एका आप्तांकडे आहे. तींतून पसरणीचा घाट चढतांना मला असें दिसलें कीं, चढावर जोर मागितला म्हणजे इंजिनाचा आवाज आधीं चढतो व गाडीचा वेग मागाहून. उतारावर मात्र मौज असते. बॅटरी भरत जाते आणि जणूं घाटच आपल्याला कांहीं परत देतो. ती भरली कीं ही कृपा संपते. शहरांतील गर्दींत तर दोन्हीं गाड्या इतक्या निःशब्द सरकतात कीं, पादचाऱ्यांना आपणच जपावें लागतें.

खर्चाचा हिशेब कोणाचें मन राखीत नाहीं, म्हणून तो स्पष्ट मांडतों. २०२२ सालीं एका लिटरांत ग्रँड विटारा २७.९७ व सिटी २६.५ किलोमीटर जाते, असें जाहीर झालें. हे प्रयोगशाळेंतील आंकडे. रस्त्यावर ते उतरतात. समजा, साधी गाडी गर्दींत बारा किलोमीटर जाते व संकरित गाडी वीस. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्यास पहिलीला पांचशें लिटर लागतील, दुसरीला तीनशें. लिटरला शंभर रुपये धरले तर बचत वीस हजारांची. संकरित गाडीसाठीं तीन लाख अधिक मोजले असतील, तर ते फिटावयास पंधरा वर्षें हवींत. तेंच वर्षाला अठरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याची बचत साठ हजार. त्याचे पैसे पांच वर्षांत वसूल. तात्पर्य, ज्याचें फिरणें थोडें त्यानें केवळ पेट्रोलच्या बचतीसाठीं ही गाडी घेऊं नये.

आमचें फिरणें थोडेंच. मग हा विषय तेथेंच मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं, कारण तक्त्यांत एक रकाना नव्हता.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या सौभाग्यवती पडल्या व मांडीचें हाड मोडलें. आतां काठीच्या आधारानें चार पावलें चालतात. घराबाहेर चाकांची खुर्ची लागते. आठवड्यांतून दोनदां व्यायामोपचारासाठीं कोथरुडांतून शहरांत जावें लागतें, तेवढेंच त्यांचें बाहेर पडणें. लग्नकार्याचें बोलावणें आलें कीं, “मी घरींच बरी, तुम्ही जाऊन या,” हें उत्तर ठरलेलें. तें आम्हीं त्यांच्या प्रकृतीला लावलें होतें. गाडीविषयीं त्यांना विचारावें, हें ना चिरंजीवांना सुचलें, ना मला.

परीक्षेसाठीं गाड्या पाहण्यास निघालों तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “आईंनाही घेऊं या.” सौभाग्यवती प्रथम सिटींत बसल्या. मागील आसन प्रशस्त, पाय लांब करण्यास जागा, गाडी शांत. चांदणी चौकाचा चढ चढून परत आलों. चिरंजीवांनीं विचारलें, “आई, कशी वाटली?” त्या म्हणाल्या, “छान आहे हो.” मग उतरण्याची वेळ आली. त्यांनीं एक हात दाराला लावला, दुसरा आसनाला. दोनदां उठूं गेल्या आणि दोन्हीं वेळां खालीं बसल्या. तोंडावर हसूं तसेंच होतें. दोष गाडीचा नव्हे. बुटक्या सिडानचें आसन गुडघ्याच्या खालीं असावयाचेंच आणि धडधाकट माणसाला तें जाणवतही नाहीं. परंतु तें पाहतांना मला उमगलें कीं, आमची जुनी गाडीही अशीच बुटकी होती. दोन वर्षें ज्याला आम्हीं प्रकृति म्हणत होतों, त्यांत अर्धा वांटा आसनाच्या उंचीचा होता.

ग्रँड विटाराचें आसन त्यांच्या कंबरेच्या लगत आलें. पाठमोऱ्या टेंकल्या आणि पाय आंत घेतले. कोणाचा हात लागला नाहीं. तेव्हां पुढची अडचण निघाली ती खुर्चीची. या दोन्हीं संकरित गाड्यांत बॅटरीला जागा मागच्या बाजूस दिलेली असते व ती डिकींतूनच जाते. सिटीच्या पेट्रोल प्रकारांतील ५०६ लिटरांपैकीं सुमारें दोनशें, ग्रँड विटाराच्या ३७३ पैकीं शंभराहून अधिक. घडी घालूनही खुर्ची आडवी बसेना. शेवटीं मागील आसनाचा लहान भाग दुमडला तेव्हां ती आंत गेली. म्हणजे पांचांची गाडी आमच्यापुरती चौघांची झाली. हें आधीं कळलें म्हणून सोसलें. पैसे भरल्यावर कळतें तर मनस्ताप होता.

आणखी एक सोय ध्यानांत आली. पूर्ण हायब्रीडमध्यें वातानुकूलन विजेवर चालतें. इंजिन थांबलें तरी गारवा राहतो. रुग्णाला गाडींत बसवून औषधें आणावयास जाणाऱ्याला याचें मोल विचारावें.

कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगितला आहे. गाडीसारख्या क्षुद्र वस्तूला तो लावणें धार्ष्ट्याचें होईल. पण चालविणाराला जें प्रिय तेंच घराला हितकर, असें सदैव नसतें, एवढें मात्र खरें. वाचकांना माझी विनंति इतकीच: घरांत ज्याला बाहेर पडणें सर्वांत अवघड, त्याला प्रथम गाडींत बसवा आणि मुख्यतः उतरवून पाहा. त्याचें सामान डिकींत स्वतः ठेवून पाहा. तक्ता त्यानंतर उघडा. कोणाच्या घरीं या परीक्षेंत सिटी उतरेल, कोणाच्या घरीं साधी पेट्रोलगाडीच पुरेशी ठरेल.

आम्हीं उंच गाडी नोंदविली. चिरंजीव थोडे हिरमुसले होते; वळणावरची ती गोडी त्यांना सोडावी लागली. रात्रीं पानावर बसतां बसतां सौभाग्यवती त्यांना म्हणाल्या, “गाडी आली म्हणजे एकदां वाईला जाऊं रे. घाटावर बसून कृष्णामाई पाहावयाची आहे.” वाई हें त्यांचें माहेर. दोन वर्षांत त्यांनीं आपण होऊन कोठें जाण्याचें नांव काढलें तें प्रथमच. चिरंजीवांचा हिरमोड त्यानंतर मला दिसला नाहीं.