दहा शेअरवाल्याचं मत
विप्रोची वार्षिक सभा यंदा मी नृसिंहवाडीत बसून मोबाइलवर ऐकली. बाहेर नदीच्या पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरलेलं आणि दक्षिणद्वाराच्या स्नानाला ही झुंबड. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपापासून सुरू झालेल्या या कंपनीचे शेअर तिथल्या साध्यासुध्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या शिरोळ तालुक्यात मात्र साखर कारखान्याच्या सभेत उसाच्या दरासाठी माइक न सोडणारा गडी कंपनीच्या सभेची नोटीस मोबाइलवर न उघडताच पुसून टाकतो! कारखान्यात माणशी एक मत, कंपनीत शेअरगणिक. म्हणून काय गप्प बसायचं? संचालकांच्या नेमणुकीवर, मानधनावर दहा शेअरवाल्यानंही मत दिलंच पाहिजे. आणि घरबसल्याचं ऑनलाइन मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं, तेवढं ध्यानात ठेवा.