व्हेज सँडविच म्हणजे पौष्टिक सँडविच नव्हे

"डॉक्टर, दुपारचा भात सोडला. फक्त व्हेज सँडविच खाते. तरी साखर खाली येत नाही!" नागावला पर्यटकांसाठी घरगुती खोल्या चालवणाऱ्या एका ताईंची ही तक्रार. सँडविचमध्ये काय घालता, असे विचारले. पांढरा ब्रेड, बटर, उकडलेला बटाटा, काकडी-टोमॅटोच्या चार चकत्या आणि हिरवी चटणी. पाहुण्यांना करतात तेच.

उत्तर त्यातच होते. भात सोडून ताई मैदा आणि बटाटा खात होत्या. दोन्ही पिष्टमय, दोन्हींची साखर लवकर होते. प्रथिने व तंतू कमी, म्हणून चार वाजता पुन्हा भूक आणि मग चहा-बिस्किटे.

माझे स्पष्ट मत आहे की शाकाहारी सँडविचमध्ये मुख्य जागा कडधान्याला हवी, बटाट्याला नाही. आपल्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात त्यासाठी वालासारखा पदार्थ नाही.

एका माणसासाठी ४० ग्रॅम वाल भिजवून, मोड आणून सोलून घ्या. कच्चे खाऊ नका, मऊ शिजवा. जिरे, लसूण, हळद आणि चमचाभर तेलाची फोडणी देऊन घट्ट बिरडे करा व चमच्याने ठेचा. अलिबागचा पांढरा कांदा तिखट नसतो, तो कच्चाच चिरून घाला. सोबत काकडी, गाजर, कोथिंबीर. वरून लिंबू पिळा, त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह चांगले शोषले जाते. बटरऐवजी शेंगदाण्याची चटणी लावा.

हिशेब पाहा. वालातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिने, दोन स्लाइसमधून ५, मूठभर दाण्यांतून ३-४. एकूण साधारण १६ ग्रॅम. ६० किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात, म्हणजे एका जेवणाचा वाटा पुरा झाला.

ब्रेड घेताना तपकिरी रंगावर जाऊ नका, रंग कॅरामेलचाही असू शकतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वाधिक, तो आधी लिहिलेला असतो. पहिले नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचे हवे, मैद्याचे नको.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत शिजवलेले कडधान्य लवकर आंबते. सकाळी डबा भरत असाल तर बिरडे वेगळ्या डब्यात न्या, खाताना भरा आणि तीन-चार तासांत संपवा. ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात नकोच.

"मग भाकरी-बिरडेच का नको?" असे कुणी विचारेल. जरूर खा, ते उत्तमच आहे. पण पाहुण्यांच्या गडबडीत उभ्या-उभ्या जेवणाऱ्या बाईला सँडविच सोयीचे पडत असेल, तर ते तरी धड असावे.

दोन सूचना. दूध-दहीही न घेणाऱ्यांना केवळ वनस्पतीजन्य आहारातून बी-१२ मिळत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असल्यास कडधान्याचे प्रमाण आधी विचारून ठरवा. आणि सँडविच बदलले म्हणून मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून कमी करू नका. ताईंनाही मी तेच सांगितले आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून यायला सांगितले आहे.