गृहिणींसाठी : गोटी सोड्याच्या बाटलीवरचा गंज



गोटी सोड्याची बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात शोधून काढली. अशा जुन्या बाटल्या जमविणारे हौशी लोक आहेत. म्हणून भंगारात सापडलेली बाटली काचेच्या वजनावर विकण्याची घाई करू नका. काच गंजत नाही. लोखंडाचा गंज तिच्यावर बसतो.

एक लिटर साध्या पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून बाटली रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी मऊ ब्रशने घासून धुवा. वाळू, तारेची घासणी व उकळते पाणी टाळा. ओरखडा किंवा तडा गेला की किंमत गेली. संडास धुण्याचे ॲसिड नकोच. त्यात ब्लिचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. लहानशा खोलीत तो मुलाबाळांच्या जिवावर बेतेल. अशी बाटली पिण्यासाठीही वापरू नका.

आपल्या कष्टाचे मोल आपण ओळखावे.