वारशाने आलेले भांडण

पंथाभिमान हे श्रद्धेच्या दृढतेचे लक्षण होय, असा समज भारतीय ख्रिस्ती समाजात खोलवर रुजलेला आहे. हा अभिमान बाळगणाऱ्याला आपल्या पंथाचे नाव ठाऊक असते. परंतु ते नाव आपल्याला मिळाले कसे, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी आपापली कार्यक्षेत्रे आखून घेतली. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशन आले, म्हणून तेथील अनेक कुटुंबे काँग्रिगेशनल परंपरेत वाढली. नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटी आली, म्हणून तेथे अँग्लिकन उपासना रूढ झाली. जालन्याकडे स्कॉटिश मिशन पोहोचले आणि तेथील ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन म्हणवू लागले. म्हणजे तत्त्वचिंतनाने जे ठरावे, ते गावाच्या पत्त्याने ठरले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात ज्या वादांसाठी रक्त सांडले, ते वाद गोदाकाठच्या शेतमजुराच्या पदरी आयते पडले.

ही विसंगती भारतीयांनी फार पूर्वी ओळखली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला, तरी आपली विवेकबुद्धी कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला; बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्याच महिन्यात तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे बिशप अझरय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत आणि ते टिकावेत अशी आमची इच्छाही नाही.

या निर्धाराला फळ येण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. ते पाहण्यास अझरय्या हयात नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात स्वतः श्रद्धा प्रकट करणाऱ्यालाच द्यावा, हा कित्येक शतकांचा वाद. नागपुरात या दोन्ही प्रथांना एकाच छताखाली मान्यता मिळाली. सिद्धांतभेद मिटवल्यावाचूनही एकत्र राहता येते, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

मग भांडण उरले कोठे? ते मालमत्तेच्या दप्तरांत उरले. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणानंतर तिच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त मालमत्ता हस्तांतरित होत नाही, असा निर्णय २०१३ मध्ये लागला. केरळात मलंकरा मंडळीतील ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन पक्षांची उपासनापद्धती एकच. तरीही अधिकार कोणाचा आणि चर्चच्या किल्ल्या कोणाच्या हाती, यावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. २०१७ च्या निकालानंतरही तो कलह शमला नाही. या भांडणांना धर्मनिष्ठेचे नाव देणे ही निष्ठेची विटंबना आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की ऐक्याच्या नावाखाली विवेकाचा बळी जातो. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९७० मध्ये अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी विलीनीकरणापासून दूर राहिली, आणि तसे राहण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. रोमन कॅथलिक आणि लुथरन यांनी आपली परंपरा टाकावी, असे म्हणणेही अनुचित ठरेल. परंतु वेगळे राहणे निराळे आणि वैर धरणे निराळे. दुसऱ्याच्या मंडळीतील बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देऊन आपली संख्या फुगवणे, आंतरपंथीय विवाहाला हरकत घेणे, दफनाच्या वेळी मृताचा पंथ विचारणे, मध्यस्थीचा मार्ग न चोखाळता न्यायालयाची पायरी चढणे, यांपैकी एकही गोष्ट विवेकाच्या रक्षणासाठी आवश्यक नाही. त्या सोडून दिल्याने कोणत्याही मंडळीच्या श्रद्धासूत्रातील एक अक्षरही बदलत नाही.

भारतात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २.३ टक्के आहे. त्यांतील फार मोठा भाग दलित आणि आदिवासी समाजांतून आलेला आहे. अनुसूचित जातींच्या सवलती दलित ख्रिस्ती व्यक्तीला नाकारताना १९५० चा आदेश तिचा पंथ विचारीत नाही. गावकुसाबाहेर तिला लोटणाराही तो विचारीत नाही. ज्यांचे दुःख एक आहे, त्यांचे नेते दूरदेशीच्या जुन्या वादांची आणि वडिलोपार्जित बंगल्यांची राखण करीत बसले, तर त्यांच्या व्यासपीठावरील ऐक्याच्या प्रार्थनेवर सामान्य भाविकाने विश्वास का ठेवावा? तरंगंबाडीचा निर्धार ज्यांना खरोखर पुढे न्यायचा आहे, त्यांनी प्रथम न्यायालयांतील आपापले दावे मागे घ्यावेत.