‘सिमेंटच्या पत्र्या’आडचे ॲस्बेस्टॉस

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या गावांतील असंख्य घरांची छपरे काही तासांत उडाली. जमीनदोस्त झालेल्या नारळी-पोफळीच्या बागा, खंडित वीजपुरवठा, पंचनामे आणि नुकसानभरपाई यांची चर्चा पुढे अनेक महिने चालली. अंगणाअंगणांत पडलेल्या राखाडी तुकड्यांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. फुटलेला पन्हळी पत्रा खराट्याने गोळा करायचा, धडके तुकडे गोठ्यावर वा कुंपणाला लावायचे आणि उरलेला चुरा वाटेवरच्या चिखलात दाबायचा, ही कोकणातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात रुळलेली रीत आहे. त्या पत्र्याला सर्वत्र ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. खरी अडचण या नावापासूनच सुरू होते.

या पत्र्यात सिमेंट असते, हे खरेच. परंतु सिमेंटला ताण सोसण्याची ताकद देण्यासाठी त्यात जो तंतू कालवलेला असतो, तो पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजेच क्रायसोटाइल होय. वजनाच्या दृष्टीने त्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, आम्लाअल्कलींना बऱ्यापैकी दाद देत नाही आणि कापसासारखे पिंजता येते. या गुणांमुळेच विसाव्या शतकात ते छपरांपासून ब्रेकच्या अस्तरांपर्यंत सर्वत्र पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचे सर्व प्रकार, पांढऱ्यासह, मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहेत. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस तेवढा घातक, पांढरा मात्र ‘नियंत्रित वापरात’ सुरक्षित, हा उद्योगाचा लाडका युक्तिवाद या वर्गीकरणापुढे टिकत नाही.

तथापि, घाबरून जाऊन उद्याच छप्पर उतरवावे, असाही याचा अर्थ नव्हे. ॲस्बेस्टॉसचा धोका स्पर्शात नसून श्वासात आहे. सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला तंतू पत्रा धड असेपर्यंत जवळजवळ जागचा हलत नाही. पत्रा करवतीने कापला, त्यात ड्रिलने भोक पाडले, हातोड्याने फोडला किंवा वरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. त्यांना वास नसतो, ते नाकाला झोंबत नाहीत, त्यांनी लगेच खोकलाही येत नाही. फुप्फुसात खोलवर गेलेले तंतू शरीराला विरघळवताही येत नाहीत आणि सहजी बाहेर टाकताही येत नाहीत. त्यातून फुप्फुसे निबर करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग उद्भवतो. कर्करोग दिसून येण्यास वीस ते चाळीस वर्षे लागू शकतात. कामगार विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता कित्येक पटींनी वाढते. तंतूंचा किमान सुरक्षित डोस असा कोणताही ठरवता आलेला नाही.

मग हा पदार्थ ओळखायचा कसा? पन्हळी राखाडी पत्रा ही सर्वांत ठळक खूण. त्याखेरीज जुन्या इमारतींच्या मागील भिंतींवरून उतरणारे पावसाच्या पाण्याचे व सांडपाण्याचे राखाडी नळ, गच्चीवरील जुन्या टाक्या, आढ्यावरचे टोपपत्रे, फॉल्स सीलिंगचे तसेच विजेच्या पॅनेलमागचे जुने बोर्ड यांतही ते असू शकते. कारखान्यात त्याचे रूप अधिक घातक असते. बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवती लेपासारखे गुंडाळलेले पांढरट आवरण, भट्टीच्या दाराभोवतीची जाड दोरी, वेल्डरने ठिणग्यांपासून बचावासाठी अंथरलेले कापड, पंप व फ्लॅंजमधील गॅस्केट, ट्रकच्या ब्रेकचे जुने अस्तर या वस्तूंमधील तंतू सिमेंटसारख्या कशाने घट्ट बांधलेला असतोच असे नाही. नळाभोवतीचा जुना लेप तर बोटाने दाबला तरी भुगा होतो. असा भुसभुशीत माल पत्र्यापेक्षा कितीतरी पटींनी धोकादायक असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर तिवईवर ठेवायची, मधोमध पांढरा गोल असलेली तारेची जाळी अनेकांना आठवत असेल. तो गोलही बहुधा याच पदार्थाचा असे.

डोळ्यांनी मात्र खात्री होत नाही. आता बाजारात ॲस्बेस्टॉसविरहित फायबर-सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते दिसायला थेट जुळे भाऊ असतात. नव्या मालावर भारतीय मानकानुसार इशाऱ्याची खूण छापलेली असावी लागते. परंतु वीस-तीस पावसाळे सोसलेल्या पत्र्यावर असे काहीच शिल्लक राहत नाही. खरे निदान प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून जगभर पाळला जाणारा नियम सरळ आहे : अन्यथा सिद्ध होईपर्यंत जुना राखाडी पत्रा ॲस्बेस्टॉसचाच समजावा.

मुंबईला हा विषय नवा नाही. मुलुंड, घाटकोपरसारख्या उपनगरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे, कापड आणि ब्रेकचे अस्तर बनवणारे कारखाने दीर्घकाळ चालले. मुंबईतील अशा एका गिरणीच्या कामगारांची तपासणी करणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तपासलेल्यांपैकी पंचमांशाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी निघाली असता तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून गदारोळ उठला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तिला माघारी बोलवावे लागले. परदेशी जहाजातील ॲस्बेस्टॉसवर देशभर चर्चा झाली. आपल्याच डोक्यावरच्या पत्र्यांवर ती घसरली नाही, हे वैशिष्ट्यपूर्णच म्हणावे लागेल.

कायद्याच्या बाजूने पाहता कागद अगदीच कोरा नाही. अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ने दाखल केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जपावी, प्रत्येकाला विमासंरक्षण द्यावे आणि रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश त्यात होते. ॲस्बेस्टॉसिस हा कारखाना कायद्यान्वये शासनाला कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा व्यवसायसुरक्षा संहितेने घेतली. संपूर्ण बंदीसाठी २००९ मध्ये राज्यसभेत एक खासगी विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. बंदीची मागणी करणारी याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली; १९९५ च्या आदेशांचे काटेकोर पालन करा, एवढे मात्र केंद्र व राज्यांना पुन्हा बजावले.

या साऱ्या तरतुदींच्या नजरेसमोर आहे तो कारखान्यातला, हजेरीपटावर नाव असलेला कामगार. परंतु आज तंतूंशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो पुनर्विकासाच्या पाडकामावर नाक्यावरून उचलून आणलेल्या मजुराचा. चाळी, जुन्या गिरण्यांच्या शेड, औद्योगिक वसाहतींतील गाळे, गोदामे यांची छपरे तोच उतरवतो. त्याचा ठेकेदार तीन दिवसांनी बदलतो. त्याच्या आरोग्याची चाळीस वर्षांची नोंद कोणी ठेवायची? तीस वर्षांनी त्याला धाप लागू लागेल तेव्हा तो बहुधा आपल्या गावी असेल. तिथल्या दवाखान्यात क्ष-किरण चित्रावरचे डाग पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू होण्याची शक्यताच अधिक. कारण १९९० च्या दशकात वा आज त्याने कोणत्या शेडवर काम केले, हे त्याला कोणी विचारणार नाही आणि विचारले तरी त्याने उतरवला तो ‘सिमेंटचा पत्रा’च.

वस्तुतः पत्रे नीट उतरवण्याला अजस्र यंत्रसामग्री लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पत्रा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने, थोडा साबण मिसळून, चांगला भिजवायचा. ओला तंतू उडत नाही. पत्रा अँगलला धरणारे हुक-बोल्ट हातोड्याने तोडण्याऐवजी पान्याने सोडवायचे वा खालून कापायचे, जेणेकरून पत्रा अखंड निघेल. वरून खाली फेकण्याची सवय, जी प्रत्येक पाडकामावर दिसते, ती पूर्णपणे बंद करायची आणि पत्रे दोराने एकेक करून उतरवायचे. खाली जाड प्लास्टिक अंथरायचे. कोरडी झाडू मारायची नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, कारण तो तंतू गाळण्याऐवजी मागच्या बाजूने हवेत सोडतो. तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी असतो. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कण अडवणारा मास्कच हवा. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. आणि तंतूंशी संबंध नसलेली, पण जीव तत्काळ घेणारी एक गोष्ट : जुना पत्रा ठिसूळ असतो आणि माणसाचे वजन पेलत नाही. पत्रा फुटून खाली पडल्याने मजूर दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर कोपऱ्यात येतच असतात. वर चढायचे तर आधाराच्या फळ्या आणि कमरेला पट्टा हवाच.

छप्पर उतरवायचेच नसेल, तर उपाय आणखी सोपे आहेत. पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये. वर झीज दिसू लागली तर खरवडल्याशिवाय, ओला करून धुऊन, त्यावर रंगाचा वा सीलरचा थर द्यावा. डिशचा अँटेना वा सौर पॅनेल बसवण्यासाठी त्यात भोके पाडू नयेत.

उतरवलेल्या पत्र्यांचे पुढे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ते दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, चिठ्ठी लावून घातक कचऱ्याच्या भूभरावात गेले पाहिजेत. अशी केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. प्रत्यक्षात पत्रा धड असेल तर भंगारवाला उचलतो आणि तो शहराच्या कडेला एखाद्या झोपडीवर चढतो; फुटका असेल तर इतर डेब्रिजसोबत खाडीकाठच्या भरावात जातो. रांजणगावपर्यंत एक ट्रक पाठवण्याचा खर्च लहान गाळ्याचा मालक स्वखुशीने करील, अशी अपेक्षा भाबडी आहे. महापालिकांनी प्रभागनिहाय संकलनाची सोय केल्याशिवाय यात बदल संभवत नाही.

गरिबांच्या छपराचा मुद्दा उद्योग हिरिरीने मांडतो आणि तो पूर्णतः खोटा नाही. लोखंडी पत्रा कोकणच्या खाऱ्या हवेत गंजतो, उन्हाळ्यात भाजतो आणि पावसात कानठळ्या बसवतो. कौले महाग पडतात, माकडे ती विस्कटतात आणि ती शाकारणारे हातही कमी झाले. पण सेल्युलोज व कृत्रिम तंतूंचे पत्रे देशातच बनतात. ते थोडे महाग आहेत, आणि धोरणाने भरून काढायचा आहे तो हाच फरक. त्याऐवजी देशाचे धोरण विचित्र दुटप्पीपणात अडकले आहे. केंद्राने १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांना आणि १९९३ पासून जुन्यांच्या नूतनीकरणाला लगाम घातला. म्हणजे हे खनिज आपल्या जमिनीतून काढणे घातक, हे मान्य झाले; ते रशिया-कझाकस्तानातून आणणे मात्र सुरू राहिले आणि भारत आज जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. ज्या कॅनडातून एकेकाळी मोठा साठा येई, त्याने २०१८ मध्ये बंदी घातली; तिथल्या ‘ॲस्बेस्टॉस’ नावाच्या गावाने २०२० मध्ये स्वतःचे नावही बदलले. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदी जाहीर केली.

बंदीने प्रश्न संपत नाही, हे ब्रिटनकडे पाहून कळते. तेथे १९९९ मध्ये वापर थांबला, तरीही जुन्या संपर्कामुळे दरवर्षी सुमारे पाच हजार माणसे आजही मरतात. म्हणूनच तेथे निवासेतर इमारतीची जबाबदारी असलेल्याने ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंदवही ठेवणे आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सुताराला, तारतंत्रीला ती दाखवणे कायद्याने बांधील आहे. महाराष्ट्रात अशा नोंदवहीसाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट आधीच सक्तीचे आहे. परवानाधारक अभियंता गच्चीवर चढतो, तडे मोजतो, छायाचित्रे काढतो. त्याच्या अहवालात गच्चीवरच्या पत्र्याचा उल्लेख झालाच, तर तो आजवर गळतीच्या संदर्भात होत आला आहे.